पत्ता नंतर कळवू

जेवायला बोलावण्याच्या आपल्याकडे किती तऱ्हा! कुणाकडून अक्षत येते, कुणी ‘घरटी एक माणूस’ असं सांगून जातं आणि फारच जवळचं असेल तर ‘चूलबंद’ आवतण. म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूलच पेटवायची नाही, झाडून सगळ्यांनी यायचं. आवतण कसं आलं यावरून आपला मान आपल्याला कळतो. आणि बोलावणारं घर कुठलं, त्यांचं-आपलं जेवणखाण चालतं का, हे तर जन्मापासूनच ठाऊक असतं. ते कुणी वेगळं शिकवावं लागत नाही.

पण मैत्रिणींनो, बोलावणाऱ्याला कधी पाहिलेलं नाही, शेजारी कोण बसणार ते माहीत नाही, घराचा पत्ता आदल्या दिवशी कळणार आणि वर जेवणाचे पैसे आधी भरायचे, अशा ठिकाणी तुम्ही जाल का? मी गेले. आणि तेव्हापासून आमच्या बचत गटात एका वेगळ्याच विषयावर खल चाललाय. तोच तुम्हाला सांगायचाय.

माझी भाची मुंबईत नोकरी करते. जानेवारीत चार दिवस तिच्याकडे गेले होते. आमच्या बार्शीहून लातूर-मुंबई गाडीत रात्री बसलं की सकाळी मुंबई. गेल्या गेल्या म्हणाली, “मावशी, शनिवारी रात्री आपण एका गुपित जेवणाला जायचंय. दोन जागा धरल्यात.” गुपित जेवण म्हणजे काय गं बाई? तर कुणीतरी आपल्या राहत्या घरात आठ-दहा माणसांसाठी स्वयंपाक करतं, मोबाइलवर तारीख आणि पदार्थ जाहीर करतं, ज्याला यायचं त्याने पैसे भरून जागा धरायची. पत्ता मात्र जाहीर करत नाहीत. तो आदल्या दिवशी फक्त पैसे भरलेल्यांना येतो. मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळुरूकडे हे चांगलंच रुळलंय म्हणे. हॉटेलात मिळत नाही ते घरचं जेवण, आणि सोबतीला अनोळखी माणसं. काही जण तर खास अनोळखी माणसांसाठीच येतात.

माणशी १८०० रुपये! माझा जीव वरखाली झाला. एवढ्या पैशात आमच्याकडे अख्खी हळदीकुंकवाची पंगत उठेल. आमच्या ह्यांना फोन केला, तर ते म्हणाले, “परक्याच्या घरी पैसे देऊन जेवायला? बघ हो, किडनी-बिडनी काढून घेतील.” सासूबाईंनी मागून विचारलंच, “कुणाचं घर आहे?” म्हटलं, “बोहरी मुसलमानांचं.” पलीकडे क्षणभर शांतता. मग, “जपून खा” एवढंच आलं. आता हे ‘जपून’ पोटासाठी की आणखी कशासाठी, ते त्यांनाच ठाऊक.

शुक्रवारी चार वाजता निरोप आला. इमारतीचं नाव, मजला, आणि खाली ‘वॉचमनला पाहुणे आहोत म्हणून सांगा’. मला गंमत वाटली, पण त्यामागे कारणं असतात. सोसायटीत कुणी तक्रार केली तर पंचाईत. घरात बाया-मुली असतात, उगाच कुणीही दार वाजवायला नको. आणि घरच्या दिवाणखान्यात पैसे घेऊन वाढणं कायद्याने हॉटेल की घर, हा घोळ तर जगभर आहे. लंडनमध्ये २००९ मध्ये केर्स्टिन रॉजर्स नावाच्या बाईंनी आपल्या घरीच अशी जेवणं सुरू केली, तेव्हा त्याला नावच ‘भूमिगत उपाहारगृह’ असं दिलं होतं.

दार उघडलं ते घरच्या बेननी. साठीच्या आसपासच्या, अंगावर फिकट गुलाबी रिदा, कडेला हातविणीची लेस. रिदा म्हणजे बोहरी बायकांचा दोन भागांचा पोशाख, रंगीत असतो. आत आमच्याआधी आलेले चौघे अवघडून बसले होते. सगळे मोबाइल बघतायत. नंतर एक तरुण जोडपं आलं. मी आणि भाची धरून आठ झालो. एक जहाजावरून निवृत्त झालेले इंजिनीअर काका होते, ठाण्याच्या एक डॉक्टर बाई, बंगळुरूच्या दोन मुली. बेननी सांगितलं, “नावं सांगा सगळ्यांनी.” सगळ्यांनी नावं सांगितली. फक्त नावं! आडनाव कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. मी आयुष्यात इतकी लग्नं-मुंजी जेवले, पण पाटावर बसण्यापूर्वी किंवा बसल्यावर ‘तुम्ही कुठले, आडनाव काय’ हे न विचारलेली ही माझी पहिलीच पंगत.

आणि पंगत तरी कशी? जमिनीवर चादर अंथरलेली, मधोमध एक कडं, त्यावर परातीपेक्षा मोठा थाळ. आठ जणांना मिळून एक! ताट वगैरे काही नाही. सगळ्यांनी गोल बसायचं आणि आपापल्या समोरचं त्या एकाच थाळातून खायचं. बेनचा मुलगा तांब्या आणि तस्त घेऊन आला, त्याने एकेकाच्या हातावर पाणी घातलं. मग डोक्याला काहीतरी हवं म्हणून पुरुषांना टोप्या दिल्या, आम्ही ओढण्या-पदर घेतले. पदराची मला सवयच. बंगळुरूच्या एकीला ओढणी सावरता येईना, तर डॉक्टर बाईंनी तिला पिन लावून दिली. तिथून लोक बोलायला लागले.

सुरुवात मिठाने. एक चिमूट मीठ प्रत्येकाने जिभेला लावायचं. जेवण संपलं की पुन्हा मीठ. मधे गोड, मग तिखट, मग परत गोड, परत तिखट, असा क्रम. आपण गोड शेवटी खातो किंवा पानात एका बाजूला घेऊन बसतो. इथे पहिला घासच तूप-साखरेच्या भाताचा आला. मग खिम्याचे समोसे, त्याला निखाऱ्याचा धूर दिलेला. तो धूर कसा द्यायचा ते मी नंतर विचारून घेतलं. खिम्याच्या मधोमध वाटी, वाटीत लाल निखारा, वर तुपाचा थेंब आणि पटकन झाकण. आपण ताकाला, भरताला देतो तसाच की! मग मलिदा आला. तो तर आपल्याही दर्ग्याच्या उरुसात मिळतो. त्यानंतर रान म्हणजे बकऱ्याची अख्खी तंगडी, मग डाळ-भात आणि पलिदू, ती आपल्या कढण-आमटीच्या वळणाची असते. शेवटी संच्यात फिरवलेलं सीताफळाचं आइस्क्रीम. डॉक्टर बाई शाकाहारी निघाल्या. त्यांनी आधी कळवलं होतं, त्यांच्यासाठी वेगळी वाटी ठेवली होती, पण बसल्या त्याच थाळाला.

खरं सांगते, पहिल्या घासाला हात अडला. भात सगळ्यांचा मिळून. काकांचा हात भातात जातोय, तो तोंडाला लागून परत तिथेच येतोय. आपल्या हाडामासात भिनलेलं उष्टं-खरकटं असं एका मिनिटात कुठलं जायला! पण तिथेच बसल्या बसल्या मला माझी आजी आठवली. आजोबांचं जेवण झालं की त्याच पानावर आजी बसायची. त्यांनी टाकलेली भाकरी, उरलेली भाजी. असं किती घरांतून चालायचं. तेव्हा उष्टं चालायचं नाही का? चालायचं की. फक्त ते एकाच दिशेने जायचं. इथे निदान आठही जण एकमेकांचं उष्टं खात होते.

थाळात एक दाणा टाकायचा नाही, हा त्यांचा कडक नियम. बेन म्हणाल्या, दाणा वाया जाऊ नये म्हणून समाजात खास समितीच आहे, दाणा कमिटी. लग्नाकार्यात ती माणसं उभी राहून पाहतात. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती ऐकून मी जागची उठायचीच बाकी राहिले. बोहरी समाजाची सामुदायिक स्वयंपाकघरं आहेत, तिथून समाजातल्या घरोघर डबा जातो. जगभर जिथे जिथे त्यांची वस्ती आहे तिथे. कुणी उपाशी झोपू नये हा एक हेतू आणि बाईच्या डोक्यावरचा स्वयंपाकाचा भार हलका व्हावा हा दुसरा. गरीब-श्रीमंत सगळ्यांना एकच डबा. कल्पना करा, आपल्या आळीत कुणी असं सुरू केलं तर! पहिल्या आठवड्यात मीठ कमी की जास्त यावर भांडणं होतील ते सोडा.

जेवताना काका जहाजावरच्या गोष्टी सांगत होते. त्या जोडप्यातली मुलगी म्हणाली, लग्नाला सहा महिने झाले, दोघं दोन पाळ्यांत, एकत्र जेवायला शनिवारच मिळतो. मग दोघांनी दोघांतच का नाही जेवायचं, असं मी विचारलं. ती म्हणाली, “काकू, दोघांत आम्ही मोबाइल बघतो. इथे बघता येत नाही.” बरोबरच आहे, हात बरबटलेला!

बेन आमच्याबरोबर बसल्या नाहीत. आत-बाहेर करत होत्या. उठल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. ओट्याशी त्या आणि त्यांची सून, दोघी उभ्याने चहा पीत होत्या. त्याही आपल्यासारख्याच. म्हटलं, “दमलात?” तर म्हणाल्या, “दोन दिवस राबते. पण माझ्या नवऱ्याने तीस वर्षं माझा समोसा खाल्ला, कधी ‘छान’ म्हणाला नाही. ही अनोळखी माणसं टाळ्या वाजवून जातात.” सून हसत होती. मग मी त्यांना मनातलं विचारलं, “लोक मुसलमानाचं घर म्हणून यायचे थांबत नाहीत?” त्यांनी जराही न अडखळता सांगितलं, “थांबतात ना. म्हणून तर पत्ता शेवटी देते, पण आम्ही कोण ते पहिल्या ओळीत लिहिते. ज्याला यायचं नाही तो आधीच येत नाही. माझ्या थाळावरून कुणी उठलेलं मला नको.”

हे वाक्य मी गाठीला बांधून आणलं.

अशा घरगुती जेवणांमागे बहुतेक वेळा एखादी घरात बसलेली सुगरण असते, हे मी नंतर वाचलं. मुंबईत ‘द बोहरी किचन’ हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. २०१४ च्या सुमारास मुनाफ कपाडिया या तरुणाने आपल्या कुलाब्याच्या घरी अशी जेवणं सुरू केली. कारण काय, तर आई नफिसाबेन टीव्हीवर मालिका बघत बसायच्या आणि रिमोटवरून मायलेकांचं वाजायचं. आईला काहीतरी उद्योग हवा म्हणून त्याने ओळखीच्यांना आणि ओळखीच्यांच्या ओळखीच्यांना जेवायला बोलावलं, पैसे घेऊन. पुढे गूगलची नोकरी सोडली आणि २०२१ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिलं. आता बघा, पुस्तक मुलाचं. पण हात कुणाचा? आईचा. असो.

लंडनच्या अस्मा खान यांची गोष्ट मला त्याहून जवळची वाटली. मूळच्या कोलकात्याच्या. लग्न होऊन इंग्लंडला गेल्या तेव्हा स्वयंपाक येत नव्हता. तिथे कायद्यात डॉक्टरेट केली. आणि २०१२ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, घरी परक्यांना जेवायला बोलवायला लागल्या. हाताखाली कोण? मुलांच्या शाळेच्या दारात भेटलेल्या, दुसऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या बायका. कुणीही स्वयंपाकाचं शिक्षण घेतलेलं नाही, घरी शिकलेलं तेवढंच. २०१७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये ‘दार्जिलिंग एक्सप्रेस’ हे हॉटेल काढलं, तेव्हा स्वयंपाकघर याच बायकांच्या हाती दिलं. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर त्यांच्यावर एक भागही आला. त्या स्वतः घरातली दुसरी मुलगी. दुसऱ्या मुलीच्या जन्माला आपल्याकडे पेढे वाटत नाहीत, हे त्या जगभर जाऊन सांगतात.

क्युबात तर सरकारलाच हे मान्य करावं लागलं. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथे अन्नाची भयंकर टंचाई झाली. लोक चोरून घराघरांत जेवण विकायला लागले. १९९३ पासून छोट्या खासगी उद्योगांना वाट मोकळी झाली आणि पुढे अशा घरांना परवाने मिळाले, पण अट होती, बाराच्या वर खुर्च्या नकोत. बारा! लोकांनी त्या घरांना नाव दिलं ‘पालादार’. ते आलं एका ब्राझिलियन टीव्ही मालिकेवरून. त्यातली गरीब नायिका खाद्यपदार्थ विकून वर येते आणि आपल्या धंद्याचं नाव पालादार ठेवते. मालिका बघणाऱ्या बायकांना नावं ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. आणि पॅरिसमध्ये जिम हेन्स म्हणून एक अमेरिकन गृहस्थ होते. त्यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून तीस वर्षांहून जास्त काळ दर रविवारी आपल्या घरी कुणालाही जेवायला बोलावलं. फोन करायचा, नाव सांगायचं, यायचं. २०२१ मध्ये ते गेले.

पण आपल्याला एवढ्या लांब जायचं कारण नाही. गिरणगावातल्या खाणावळी आठवा. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार कुणा बाईच्या दहा बाय बाराच्या खोलीत महिन्याच्या बोलीवर जेवायचे. खाणावळवाली पहाटेपासून राबायची आणि वाण्याची उधारी फेडता फेडता तिच्या नाकीनऊ यायचे. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली, सावकारापासून सोडवलं. प्रेमाताई गोव्याच्या मुक्तिलढ्यातल्या. २००२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, तो मिटलाच नाही. कामगारांबरोबर या बायकांचं ताटही हललं. आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी ही गोष्ट नेहमी सांगते. पण एक पुस्ती जोडायला हवी. त्या खाणावळी बहुतेक गाववाल्यांच्या, जातवाल्यांच्या असायच्या. परक्या शहरातही माणूस आपल्याच ओळखीच्या चुलीकडे जायचा.

कारण आपल्याकडे प्रश्न चवीचा कधीच नव्हता. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये टिळक, रानडे अशी बडी मंडळी व्याख्यानाला गेली, तिथे चहा-बिस्किटं पुढे आली. कुणी घेतला, कुणी नुसता हातात धरला. गोपाळराव जोशींनी, हो, डॉ. आनंदीबाईंचे तेच पती, हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली. झालं! ग्रामण्य उभं राहिलं, बहिष्कार, धर्मपीठापर्यंत तक्रारी. एका कपभर चहासाठी. शेवटी १८९२ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. रमाबाईंनी आपल्या आठवणींत त्या दिवसांबद्दल लिहिलंय, मिळालं तर जरूर वाचा. चहा पुरुषांनी घेतला, पण सोयरीक अडली, माहेरपण अडलं, श्राद्धाला ब्राह्मण मिळेना, तर त्याचे चटके घरातल्या बायकांना.

सव्वाशे वर्षं उलटून गेली. आता चहाला कुणी अडत नाही, निदान टपरीवर नाही. पण जेवणाचं विचाराल, तर आमच्या गटातली एक मैत्रीण आहे, तिची गोष्ट ऐका.

तिचं नाव छापत नाही. “आधी जेवायला या, मग छापा,” असं तिनेच सांगितलंय. तिची येसराची आमटी म्हणजे काय सांगू! येसर म्हणजे धान्य, डाळ, खोबरं, मसाले भाजून केलेलं पीठ, आमच्या सोलापूर-मराठवाड्याकडे लग्नकार्यात त्याची आमटी लागतेच. पुष्कळजणी येसर विकतचं आणतात, ही अजून घरी भाजते. एकेक जिन्नस वेगळा. गटाचं येसर तिच्याच हातचं असतं, पाकिटावर गटाचं नाव, ते हातोहात खपतं. पाकीट चालतं!

गेल्या वर्षी इथल्या एका संस्थेने गटाला ६० माणसांच्या जेवणाचं काम दिलं. दर ठरला, विसार ठरला. मग एका बाईंचा फोन आला, “स्वयंपाकाला कोण कोण असणार?” मी चौघींची नावं सांगितली. “आडनावं?” तीही सांगितली. दुसऱ्या दिवशी निरोप आला की कार्यक्रम लहान केलाय, जेवण ठेवत नाही. कार्यक्रम झाला. मंडप तेवढाच होता. जेवणही होतं, दुसरीकडून आलेलं. आम्ही त्यांना विचारायला गेलो, तर ‘छे छे, तसं काही नाही हो’ म्हणून आम्हालाच चहा पाजला. मैत्रीण तो चहा न पिता उठली.

तेव्हा मुंबईहून आल्यावर बैठकीत मी गुपित जेवणाची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, “आपण करू या का? आठ माणसं, एक शनिवार, येसराची आमटी, ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, ठेचा, शेंगापोळी. माणशी २५० रुपये.” सगळ्यांचे डोळे चमकले. गटाची अन्नसुरक्षेची नोंदणी आहेच. २००६ च्या कायद्याखाली घरून पदार्थ विकणाऱ्या बाईलाही ती लागते, तेव्हा ज्यांनी केली नसेल त्यांनी करून घ्या. हिशेब मांडला. सामान, गॅस आणि मदतीची मजुरी जाऊन एका जेवणामागे हजारभर रुपये हातात राहतील. महिन्यात दोनदा झालं तरी तिच्या मुलीच्या क्लासची फी निघते.

मग प्रश्न आला, कुणाच्या घरी? एक म्हणाली, “ताई, तुमच्या घरी करू. हॉल मोठा आहे.” दुसरीने तर युक्तीच काढली, “पत्ता लपवायचाच आहे ना? मग स्वयंपाक कुणाचा हेही लपवू. खातील, बोटं चाटतील, मग सांगू.” दोघीतिघींना हे फार आवडलं. नाटक-सिनेमात शोभेल असंच आहे. मला पटलं नाही. शहरात पत्ता लपवतात तो गंमत म्हणून, सुरक्षितता म्हणून. आमच्याकडे नाव लपवलं तर त्याचा अर्थ वेगळाच होतो. लपवायचं ते आपण, आणि लाज वाटायला हवी ती दुसऱ्यांना, असा उलटा न्याय! आणि कुणी जेवणानंतर कळल्यावर तमाशा केला, तर तो झेलायचा कुणी? तिनेच.

पण मी बोलायच्या आधी तीच बोलली. मी बेनचं वाक्य सांगितलं होतं, ते तिने बरोबर पकडलं होतं. “माझ्या घरी करायचं,” ती म्हणाली. “दोन खोल्या आहेत, पत्र्याच्या. आठ माणसं बसतात, भावाच्या लग्नात बारा बसली होती. आणि पहिल्या ओळीत माझं नाव लिहा, आडनावासकट. वस्तीचंही लिहा. ज्याला यायचं नाही त्याने घरीच थांबावं. ताटावरून कुणी उठून गेलेलं माझ्या पोरीने बघायला नको.”

कुणी काही बोललं नाही. मग आमच्या कोषाध्यक्ष बाई, ज्या एरवी पैशाशिवाय कशावर बोलत नाहीत, त्यांनी वही काढून पहिलं नाव स्वतःचं लिहिलं आणि २५० रुपये टेबलावर ठेवले. त्यांच्या घरात काय होईल ते मला माहीत आहे. त्यांनाही माहीत आहे. तरी लिहिलं.

निरोप आता गावात फिरतोय. ‘छान उपक्रम’ असे अंगठे भरपूर आले. अंगठा दाखवायला काय जातं? पैसे भरून नाव नोंदवणं वेगळं. ज्यांच्याकडून खात्री होती अशा दोन शिक्षिकांनी ‘त्या दिवशी उपास आहे’ म्हणून कळवलं. शनिवार आहे, मान्य. मग रविवारी करू का म्हटलं, तर उत्तर नाही. उलट ज्यांचा विचारही केला नव्हता ती माणसं आली. बँकेत बदलून आलेली केरळची एक मुलगी, तिला इथे घरचं जेवण मिळत नाही. ती म्हणाली, जागा शिल्लक असतील तर मैत्रिणीलाही आणते. एक निवृत्त एसटी कंडक्टर आणि त्यांची पत्नी. ते म्हणाले, “आयुष्यभर अनोळखी माणसांतच गेलं.”

आणि सासूबाई. मी घरात मुद्दाम काही बोलले नव्हते. सोवळ्यात वाढलेली बाई, वय ७६. पण त्यांच्या मोबाइलवर तो निरोप भजनी मंडळातून फिरून आला. दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी कपड्यांच्या घड्या घालता घालता विचारलं, “तिच्याकडे खुर्ची आहे का गं? मला खाली बसवत नाही.” मी फोन करून विचारलं. खुर्ची नाही, पण शेजारून आणते म्हणाली.

तर कोषाध्यक्ष बाई, केरळची मुलगी आणि तिची मैत्रीण, कंडक्टर काका-काकू, सासूबाई, अशी सहा नावं झाली आहेत. मी वाढपी म्हणून जाणार, त्यामुळे माझी जागा धरलेली नाही. येसर भाजायला ती बुधवारी बसणार आहे. दोन जागा अजून आहेत.